मागची थप्पी

१

पारुकाकूंनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि मूठ बाहेर काढली. मुठीत एकही हळकुंड नव्हतं. नुसता भुसा, सालपटं आणि माती, वरून हळदीची पूड भुरभुरलेली.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "हे पाठवलं म्हणे आमी सांगलीला."

आखाडा बाळापूरला आमच्या ट्रान्सपोर्टच्या आवारात भर दुपारी तांड्यावरच्या बायका उभ्या होत्या आणि पारुकाकू सोडून एकीच्याही तोंडातून शब्द निघत नव्हता. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला. भांडणाला मी भीत नाही. माझं तोंड फटकळ आहे, हे हिंगोलीपासून नांदेडपर्यंतच्या ड्रायव्हरांना चांगलं ठाऊक आहे. पण गप्प उभ्या राहिलेल्या बायकांपुढे बोलायचं काय?

मी करुणा खिल्लारे. बाबांना, म्हणजे किशनरावांना, अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून हा धंदा मी बघते. कुठला माल कुठल्या गाडीत जाईल, कुठल्या रस्त्याने जाईल, आधी कुठे उतरेल, हे मी ठरवते. धाकटा भाऊ रत्नपाल बाहेरची कामं बघतो. बाबा ऑफिसच्या दारात खाटेवर बसून असतात. बोलणं जड झालंय, पण नजर सगळीकडे असते.

त्या गाडीत दोघांचा माल होता. वसमतच्या एका शेठची हळद सोलापूरला जायची होती आणि तांड्यावरच्या बायकांची सांगलीला. पारुकाकूंच्या गटाने पहिल्यांदाच दलालाला बाजूला ठेवून थेट सांगलीच्या मसालेवाल्याशी बोलणी केली होती. काढणीपासून घासण्यापर्यंत सगळं त्यांनी हाताने केलेलं. पोत्यांवर गेरूने मोराचा छाप मारला होता. आणि सांगलीवाल्याने मागच्या थप्पीतली पोती फोडली तर हा कचरा! त्याने सगळाच माल परत धाडला. शेठचा माल तेवढा येताना सोलापूरला बिनतक्रार उतरला.

गाडी चालवत होता शंकरसिंग. पारुकाकूंचा नवरा. तो गाडीच्या चाकाला टेकून खाली मान घालून बसला होता. त्याची बायको त्याच्याकडे बघत नव्हती.

शेठचा मुनीम विकास पुढे आला. कपड्यांना इस्त्री, कपाळाला आठी. "मॅडम, या खराब पोत्यांवर आमच्या शेठचा जहाज छाप आहे. उद्या बाजारात बोभाटा होईल की शेठ कचरा विकतो. मी दिवस मावळेपर्यंत थांबतो. तोवर चोर सापडला तर ठीक, न्हाई तर ठाण्यात जाऊन ड्रायव्हरचं नाव देतो."

"शंकरकाकाने चोरी केली, हे तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

विकासने मोबाईल माझ्यापुढे धरला. सांगलीला माल उतरवायच्या आधी काढलेला फोटो होता. ताडपत्री ताणून बांधलेली, आणि दोराला एक गाठ.

ती गाठ मी ओळखली.

२

ती गाठ साऱ्या जिल्ह्यात एकच माणूस मारतो. शंकरकाकाचे आजे-पणजे बैलांवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घालायचे. त्या लदेणीची गाठ आहे ती. ओढली तर आवळते, आणि सोडायची तर एक ठरावीक पेड आधी मोकळा करावा लागतो. दुसऱ्याच्या हाताने ती सुटत नाही असं नाही, पण परत तशी बसत नाही. बाकीचे ड्रायव्हर थट्टेने म्हणायचे, शंकरसिंगच्या गाडीला कुलूप नको.

आता तीच गाठ त्याच्या गळ्याशी आली होती.

मी त्याला ऑफिसात नेलं, दार लोटलं. "काका, गाठ तुमचीच?"

"व्हय."

"इथून बांधून निघालात तीच, की मधे सोडून परत बांधली?"

तो गमछाने तोंड पुसायला लागला.

"अहो, मी काय विचारून राहिले? मधे कुठे थांबलात?"

"चहाला थांबलो. जेवायला थांबलो. समदे थांबतात."

"गाडी डोळ्याआड झाली होती का?"

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मग दाराच्या फटीतून बाहेर, बाबांच्या खाटेकडे. या माणसाला स्टेअरिंग धरायला बाबांनी शिकवलं. त्याच्या लग्नात बाबाच त्याच्या बाजूने उभे होते. बाबांना दवाखान्यात नेलं त्या रात्री यानेच गाडी हाकली होती, आणि आठवडाभर दवाखान्याच्या पायरीवर झोपला होता. माझा त्याच्यावर इतका भरवसा की माझ्या सख्ख्या भावावर नसेल.

"ताई," तो म्हणाला, "आमच्या बायांचं जे नुकसान झालं ते मी माझ्या वावरातून भरून देतो. चार वर्षं लागू द्या. पर मला जास्त विचारू नका."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "वा रे वा! चोरी केली न्हाई तर भरपाई काहून? आणि केली असेल तर तोंड उघडा ना! विकास ठाण्यात चाललाय. लायसन जाईल, अब्रू जाईल, पारुकाकू तांड्यावर तोंड कसं दाखवतील? आपल्याच बायकोची हळद नवऱ्याने विकली म्हणतील लोक!"

त्याचे डोळे भरून आले.

चोर असा रडत नाही, असं मला वाटलं. पण मला काय वाटतं याला ठाण्यात कोण विचारतो? बाहेर आले तर पारुकाकू दाराशीच उभ्या. सगळं ऐकलेलं.

"बोलला का?"

"न्हाई."

"मग त्येला ठावं हाय कोणी केलं ते," त्या म्हणाल्या. "माझ्या माणसाला चोरी जमत न्हाई. झाकणं तेवढं जमतं."

३

मग मी विकासला धरलं. कारण माझ्या मनात दुसरीच शंका शिरली होती. कचऱ्याच्या पोत्यांवर जहाज छाप. शेठच्या गोदामातूनच कचरा भरून आला असेल आणि मोराची चांगली पोती तिकडेच राहिली असतील तर?

तो भडकलाच. "मॅडम, मी चोरी करीन आणि माझ्याच शेठचा छाप मारीन? एवढा येडा दिसतो का मी? आणि भरायच्या वेळी मी शेवटपर्यंत इथंच उभा होतो. मोराची पोती माझ्या डोळ्यासमोर मोजून चढली. तुमीच तर माझ्याशी भांडलात!"

ते खरं होतं. चांगलंच भांडलो होतो आम्ही.

गाडी भरायचा साधा नियम आहे. जो माल आधी उतरणार, तो शेवटी भरायचा. म्हणजे लांबचा माल आत, केबिनच्या भिंतीला, आणि जवळचा मागे, फाळक्याजवळ. नाहीतर अर्ध्या रस्त्यात सगळी गाडी रिकामी करायची पाळी येते. त्या दिवशी सकाळी मी आणि रत्नपालने मिळून बेत ठरवला होता. सोलापूर आधी, सांगली नंतर. म्हणून मोर आत, जहाज मागे. बेत ठरला आणि रत्नपाल टायर आणायला नांदेडला निघून गेला.

हमालांनी मोराची अर्धी थप्पी लावली, तेवढ्यात शंकरकाकाने गाडीवरून हाक मारली होती, "ताई, गाडी सोलापूरला पोचंल त्या दिवशी अमावस्या हाय न्हव का? शेठच्या त्या गोदामातले हमाल अमावस्येला थप्पीला हात लावत न्हाईत."

मी कपाळावर हात मारून घेतला होता. आमचं घर बौद्ध. आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात आम्ही पौर्णिमा बघतो, अमावस्येशी आम्हाला काय देणंघेणं? मला सुचलं नाही, रत्नपालला सुचलं नाही. गाडी दिवसभर सोलापुरात नुसती उभी राहिली असती. मग मी सगळा बेत उलटा केला. आधी सरळ सांगली गाठायची, सोलापूरचा माल येताना उतरवायचा. चढवलेली पोती उतरवली. जहाज आत गेलं, मोर मागे आला. हमालांनी मला मनातल्या मनात शिव्या घातल्या असतील. आणि विकास ओरडत होता, आमच्या शेठचा माल आत दाबता काय म्हणून.

"आठवलं ना?" विकास म्हणाला. मग त्याचा आवाज जरा खाली आला. "मॅडम, मी पण तांड्यावरचाच हाय. शंकरकाकाचं नाव देताना मला काय गोड वाटून राहिलं का? एकाने केलं की लोक आमा सगळ्यांला एकाच दोरात बांधतात. म्हणून तर मला हे आजच्या आज निस्तरायचंय."

त्याच्या बोलण्यात मला खोट दिसेना.

तेवढ्यात फाटकातून मोटारसायकल आत आली. रत्नपाल. दोन-तीन दिवसांनी नांदेडहून परतत होता. आवारातली गर्दी बघून त्याने गाडी तिथेच लावली आणि माझ्याकडे धावत आला.

"ताई, काय झालं?"

"मालात गडबड झाली. पोत्यांत कचरा निघाला."

"अरे बाप रे," तो म्हणाला. "शेठला कळालं का?"

"कळालं," मी म्हणाले. माझं लक्ष विकासकडे होतं, तो घड्याळ बघत होता.

मग रत्नपालची नजर बायकांवर गेली. "या पारुकाकू काहून आल्या? यांचा काय संबंध?"

"संबंध काय विचारतो? हळद त्यांचीच गेली ना!"

माझा भाऊ ट्रकच्या पायरीवर खाली बसला. उन्हातून आला होता, घेरी आली असेल असं वाटून मी त्याला पाणी आणायला वळले. तांब्या हातात घेतला आणि तशीच उभी राहिले.

मालात गडबड झाली, एवढंच मी म्हणाले होते. कोणाच्या मालात, ते मी बोललेच नव्हते.

४

पाण्याचा तांब्या तसाच ठेवून मी मागच्या शेडकडे गेले. मनाला म्हणत होते, करुणा, काहीतरी भलतं मनात आणू नको. शेठ आपलं मोठं गिऱ्हाईक, म्हणून त्याच्या तोंडात शेठ आलं असेल.

शेडमध्ये आम्ही फाटकी, उसवलेली रिकामी पोती ठेवतो. गाडीच्या तळाला अंथरायला लागतात. त्यात शेठची जुनी पोती बरीच होती, कोपऱ्यात छातीएवढा ढीग. शेडला कुलूप असतं. किल्ली माझ्याकडे एक, घरात खुंटीला एक.

कुलूप जागच्या जागी होतं. उघडलं. कोपरा रिकामा होता.

मी तिथेच जमिनीवर बसले. आता सगळं नीट मांडायचं, असं स्वतःला बजावलं. रडायचं ते नंतर.

कोणीतरी आधीपासून तयारी केली. आमच्याच शेडमधली जहाज छापाची पोती नेली, कचरा भरला, शिवली, वाटेत कुठेतरी तयार ठेवली. अख्खी थप्पी बदलायला गाडी तासभर आडोशाला लागते, आणि आमची भरली गाडी वाटेत तेवढा वेळ थांबते ती फक्त गॅरेजला, तेही मालकाने सांगितलं तरच. चोराने जहाज छापच का घेतला? कारण त्याला जहाजाची पोती काढून त्या जागी जहाजाचीच ठेवायची होती. छापाला छाप जुळला असता. सोलापूरला शेठच्या माणसांनी मोजून पोती उतरवून घेतली असती, आणि कचरा कुठे भरला, गोदामात की रस्त्यात, यावर महिनाभर वाद चालला असता.

म्हणजे चोराला तांड्याची हळद नकोच होती. त्याला शेठची निवडक हळद पाहिजे होती.

मग तांड्याची का गेली? कारण त्याने आपल्या माणसांना सांगून ठेवलं, मागची थप्पी उतरवा आणि ही चढवा. आमचे हमाल पोतं नेहमी छाप खाली, तोंड आत असं लावतात, म्हणजे दोराने छाप घासत नाही. त्यामुळे थप्पी बघून कोणाचा माल ते कळत नाही. माणसांनी सांगितलं तेवढं केलं. मागे जे होतं ते उतरवलं. पण मागे तेव्हा जहाज नव्हतंच. मागे मोर होता.

बेत उलटा झाला हे शंकरकाकाला ठाऊक होतं, अमावस्या त्यानेच तर काढली. त्याला चोरी करायची असती तर मोराच्या जागी त्याने मोर आणला असता, आणि शेठची हळद पाहिजे असती तर आधी तोंडच उघडलं नसतं. विकासला ठाऊक होतं, तो त्यावरून भांडला. हमालांना ठाऊक होतं, त्यांची कंबर मोडली. मला ठाऊक होतं.

सकाळचा बेत माहीत असलेला आणि दुपारचा बदल माहीत नसलेला माणूस एकच होता. तो टायर आणायला गेला होता. आणि रागाच्या भरात मी त्याला फोन करून सांगितलंही नव्हतं.

शेडच्या दारात सावली पडली. शंकरकाका उभा होता.

"ताई, उठा. तुमी काई शोधू नका. मी जातो ठाण्यात."

"काका," मी म्हणाले, "गाडी गॅरेजला लावायला तुम्हाला रत्नपालने फोन केला ना?"

त्याने तोंड फिरवलं, आणि मला उत्तर मिळालं.

५

ऊन उतरायला लागलं होतं. विकासने मोटारसायकलची किल्ली हातात घेतली होती. मी आवाराच्या मधोमध जाऊन उभी राहिले. बाबांच्या खाटेकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं, तरी बघितलंच.

"विकासभाऊ, थांबा. शंकरकाका, आता सगळ्यांसमोर सांगा. माझी शपथ आहे."

शंकरकाकाने दोराचं टोक हातात घेतलं. मग तुटक तुटक बोलला. नांदेडच्या पुढे गेल्यावर फोन आला, मागचा स्प्रिंगचा पाटा कमजोर वाटतो, अमक्या गॅरेजच्या शेडमध्ये गाडी लाव, तू जेवून ये, जरा पड. परत आला तर गाडी तयार होती. पण दोराची गाठ दुसरीच होती. गॅरेजवाल्यांनी कामासाठी सोडली असेल, असं समजून त्याने सोडून परत आपली बांधली. सांगलीला पोतं फुटलं तेव्हा त्याच्या ध्यानात आलं.

"फोन कोणाचा?" विकासने विचारलं.

शंकरकाकाने बाबांच्या खाटेकडे पाहिलं. तेव्हा मी बोलले. जहाजाची पोती, शेडचा रिकामा कोपरा, अमावस्या, उलटा झालेला बेत, सगळं सांगितलं. शेवटी भावासमोर जाऊन उभी राहिले.

"रत्नपाल, मालात गडबड म्हटल्यावर तुला शेठच कसा आठवला रे?"

त्याने नाकारायचा प्रयत्नसुद्धा केला नाही. "ताई, किती दिवस तुझ्या हाताखाली टायर आणू? मला माझी गाडी घ्यायची होती. एकदाच करणार होतो. आणि पारुकाकू, तुमची शपथ घेऊन सांगतो, तांड्याच्या मालाला मला हात लावायचा नव्हता. मला शेठचा घ्यायचा होता. शेठला काय फरक पडून राहिला?"

पारुकाकू त्याच्याजवळ आल्या. मला वाटलं, कानशिलात देतात. त्यांनी हात उचलला नाही.

"शेठचा गेला असता, तरी गाडी कोणाच्या हाती होती, बाबू?"

त्यांनी नवऱ्याकडे बोट दाखवलं.

"गाठ कोणाची होती? आत कोण गेलं असतं? हाच ना? तुला मांडीवर बसवून यानं हॉर्न वाजवायला शिकवलं. तुला हे सुचलं नव्हतं का?"

त्याला ते सुचलं होतं. त्याच्या चेहऱ्यावर मला ते स्पष्ट दिसलं. गाठीवर बोट जाईल, शंकरसिंग मालकाच्या घरासाठी तोंड उघडणार नाही, हे सगळं त्याने आधीच धरून ठेवलं होतं. त्या क्षणी मला माझ्या भावाची किळस आली.

पोती अजून गॅरेजच्या शेडमध्येच असल्याचं त्याने सांगितलं. गवगवा निवेपर्यंत तो तिकडे फिरकणार नव्हता. विकासने लगेच गाडी काढायला सांगितली. मी सांगलीला फोन लावून मसालेवाल्याला सगळा प्रकार सांगितला. तो खूप बोलला, पण शेवटी म्हणाला, मोराची सगळी पोती जशीच्या तशी आणा, माल बघून घेतो. पारुकाकूंनी पदराने तोंड पुसलं. मग त्या नवऱ्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या आणि त्याच्या पाठीवर एक जोराचा धपाटा घातला.

"पुन्हा कोणासाठी तोंड शिवून बसलास तर बघ!" असं म्हणून त्या रडायला लागल्या.

आता राहिलं होतं एकच काम. विकास मला हळूच म्हणाला, "मॅडम, शेठचं काही गेलं न्हाई. माल सापडला. घरातलं घरात मिटवायचं असंल तर माझ्याकडून शब्द जाणार न्हाई."

मोह झाला. कशाला खोटं बोलू? आईवेगळं वाढवलेलं लेकरू ते, माझ्या हातचं जेवलेलं. माझा मोबाईल हातात तसाच राहिला.

"करुणा," खाटेवरून बाबांचा आवाज आला. जिभेवर शब्द जड पडत होते. "फोन... लाव. ठाण्याला."

शंकरकाका धावत खाटेशी गेला आणि त्यांचे पाय धरून बसला. "मालक, जाऊ द्या. लेकरू हाय आपलं."

बाबांनी चांगला असलेला हात उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला. "मग तू," ते म्हणाले, "तू कोण हायेस माझा?"



मी फोन लावला. पलीकडून तक्रार विचारली, ती सांगितली. मग आरोपीचं पूर्ण नाव विचारलं. मी बाबांकडे बघितलं. ते माझ्याकडेच बघत होते. त्यांनी मान हलवली.

"रत्नपाल," मी म्हणाले. मग बापाचं नाव लावलं. "किशनराव. खिल्लारे."